‘वेक्स वीक’चा आवाज

नगरपालिकेचं पत्र नेव्हिल पिलिंगने दारातच उभ्याने वाचलं. मग आत जाऊन चहा टाकला, चष्मा पुसला आणि परत वाचलं. दोन्ही वेळा तेच.

येत्या शनिवारी अकरा वाजता मिल स्ट्रीटवरच्या जुन्या एम्पायर नाचघरात, म्हणजे आताच्या गालिच्यांच्या गोदामात, ‘शटलमेन’ या बँडच्या आठवणीसाठी निळा गोल फलक बसवायचा होता. बँडमधले एकमेव हयात सभासद म्हणून श्री. पिलिंग यांनी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती होती. खाली फलकाचा मजकूर दिला होता. ‘शटलमेन यांनी १९६३ साली आपला पहिला कार्यक्रम इथे केला. “वेक्स वीक” या गाण्याचा आवाज, रोलंड कॅटरॉल (१९४३–२०१७), यांच्या स्मृतीस.’

नेव्हिलने चहा बेसिनमध्ये ओतून दिला.

‘वेक्स वीक’ रोलंड कॅटरॉलने गायलंच नव्हतं. ते नेव्हिल पिलिंगने गायलं होतं. रोलंड ड्रम वाजवायचा. फार चांगले वाजवायचा, पण ड्रम. बाकीच्या दोघांपैकी एक ऑस्ट्रेलियात जाऊन मेला आणि दुसरा गावातच, दारू पिऊन. म्हणजे खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस आता उरला होता, आणि आपल्या गाण्याचं श्रेय आपणच मागणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक कसे बघतात हे नेव्हिलला चांगलं ठाऊक होतं.

बँड चौघांचा. चौघेही ब्रॅमरशॉच्या एकाच कापडगिरणीत, विणकर खात्यात. शटल म्हणजे मागावरचा धोटा, त्यावरून नाव घेतलं. सोळाव्या वर्षी नेव्हिल आणि रोलंड एकाच दिवशी शेडमध्ये शिरले. चारशे मागांचा खडखडाट असा की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून विणकर आवाजाशिवाय बोलायचे. ओठ मोठे मोठे, ताणून हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याची भानगड सांगायची आणि मधल्या तीस जणांना फुकटात ऐकायला मिळायची. रोलंडची आई एल्सी तीस वर्षं त्याच शेडमध्ये होती. रोलंडला बोलायला यायच्या आधी ओठ वाचायला आले, असं ती म्हणायची.

गिरण्यांना वर्षातून एकदा आठवडाभर टाळं लागायचं आणि अख्खं गाव समुद्रावर जायचं, तो वेक्स वीक. त्या आठवड्यात भेटलेल्या आणि पुढच्या सोमवारी विसरलेल्या पोरीवर ते गाणं होतं. १९६५ साली ते देशात अकराव्या नंबरापर्यंत चढलं. अकरावा म्हणजे काही पहिला नव्हे, पण धोटे फेकणाऱ्या चार पोरांना तो आभाळाएवढा वाटला. चौघांनी गिरणी सोडली, आणि त्या एका वर्षात त्यांना नऊ वेळा टीव्हीवर बोलावलं.

टीव्हीवर गाणं म्हणजे गाणं नसायचंच. मँचेस्टरला जायचं, तोंडाला पावडर लावून घ्यायची, लाकडी चौथऱ्यावर उभं राहायचं. कार्यक्रम त्याच क्षणी घरोघर दिसायचा, पण रेकॉर्ड लागायची आणि तिच्याबरोबर नुसते ओठ हलवायचे. गिटारला वायरसुद्धा जोडू देत नसत. आठ वेळा नेव्हिलने हे इमानाने केलं. नवव्या वेळी, नोव्हेंबरात, कानाला हेडफोन लावलेला एक बाबू त्याला म्हणाला, की बाबा रे, तू गुणगुणत जाऊ नकोस, तोंड हलव, तेवढं पुरे. नेव्हिलचं डोकं फिरलं. तोंडच हलवायचं तर कुणाचंही चालेल की, असं तो बाकीच्यांना म्हणाला. मग त्याने रोलंडला माइकसमोर उभं केलं आणि स्वतः मागे ड्रमवर जाऊन बसला. त्या काळात बऱ्याच बँडांनी असल्या खोड्या केल्या. स्टुडिओत कुणाच्या लक्षात आलं नाही. हेडफोनवाल्याने कागदावर लिहून घेतलं, गायक कॅटरॉल, ड्रम पिलिंग. त्याला समोर जे दिसलं ते.

दुसऱ्या दिवशी चौघेही हसून हसून विसरून गेले. टीव्हीवर आलेलं एकदा येऊन जायचं. घरात कुणाकडे ते धरून ठेवायचं यंत्र नव्हतं, आणि ते कुणी धरून ठेवावं असं गिरणीतल्या पोरांच्या डोक्यात येण्याचंही कारण नव्हतं. टीव्ही कंपनीच्या डोक्यात तर ते नव्हतंच. टेप महाग, म्हणून तिथले शहाणे एकाच टेपवर आज गाणं, उद्या घोड्यांची शर्यत, परवा पाद्र्याचं प्रवचन असं चढवायचे. शटलमेनचे नऊच्या नऊ कार्यक्रम पुसले गेले. नेव्हिलचं सगळं तारुण्य घोड्यांखाली गेलं, आणि ज्यांनी पुसलं ते पूर्ण पेन्शन घेऊन घरी गेले.

पण नवव्या कार्यक्रमाची एक नक्कल फिल्मवर काढून परदेशी विकली होती. तिकडच्या कुठल्याशा तळघरात ती बेचाळीस वर्षं पडून राहिली आणि २००७ साली एका नादिष्ट माणसाच्या हाती लागली. त्याने ती इंटरनेटवर टाकली. नऊपैकी जगली ती नेमकी तीच.

लोक वेडे झाले. या माणसाच्या डोळ्यांत दुःख आहे, असं कुणी लिहिलं. ओठ बघा, प्रत्येक शब्द कसा जगतोय, असं आणखी कुणी. ओठांचं खरंच होतं. विणकराच्या पोराने ओठ हलवलेले. आठही वेळा नेव्हिलला जे जमलं नव्हतं ते रोलंडला पहिल्याच फटक्यात जमलं होतं.

सुरुवातीला नेव्हिलही हसला. त्याने ती फीत पुतण्याच्या संगणकावर पाहिली, पहिल्या कडव्यापर्यंत, आणि पुरे म्हणाला. क्लबात लोक रोलंडला म्हणायचे, काय गायकमहाराज, एक पाइंट पाजा. रोलंड पाजायचा आणि नेव्हिलकडे बघून डोळा मारायचा. गावात सगळ्यांना ठाऊकच आहे, असं नेव्हिलला वाटत होतं. तिथेच तो फसला. स्टॅन्ली ग्रिमशॉ, जो १९६४ साली एम्पायरमध्ये दर शनिवारी पहिल्या रांगेत नाचायचा, ज्याच्या अंगावर नेव्हिलने गाता गाता एकदा बिअर सांडली होती, तो स्टॅन्ली एक दिवस बारवर शपथेवर सांगायला लागला, की रोलंड गायचा तेव्हा बायका रडायच्या. डोळ्यांनी पाहिलेलं चाळीस वर्षांत विरून गेलं होतं आणि पडद्यावर पाहिलेलं त्याच्या जागी येऊन बसलं होतं. स्टॅन्ली खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं.

मग लंडनच्या एका मासिकाने रोलंडच्या आवाजावर चार पानं छापली. मुलाखत घ्यायला आलेल्या पोरीला रोलंडने चहा पाजला, गिरणीच्या गप्पा सांगितल्या आणि गायलं कोण, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. ते मासिक घेऊन नेव्हिल क्लबात गेला.

“तू तिला सांगितलं का नाहीस?”

“आवाज तुझा आहे. तू सांग,” रोलंड म्हणाला. “मी सांगितलं तर म्हणतील, बघा, किती नम्र माणूस आहे.”

“मी सांगितलं तर म्हणतील जळतोय.”

“मग जळत नाहीस का?”

नेव्हिलने भरलेला ग्लास तसाच ठेवला आणि तो बाहेर पडला. त्यानंतर दहा वर्षं दोघे बोलले नाहीत. ब्रॅमरशॉ या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मिनिटांत चालून होतं. एवढ्या गावात एका माणसाला दहा वर्षं टाळायचं हे रोजचं काम होऊन बसतं, आणि नेव्हिलने ते मन लावून केलं. क्लब सोडला, बाजाराचा वार बदलला. रोलंडला विसर पडायला लागलाय, मग त्याला वृद्धाश्रमात ठेवलंय, मग तो गेला, हे सगळं त्याला लोकांकडून कळलं. अंत्यविधीला त्याने कार्ड पाठवलं. छापील होतं, खाली फक्त सही.

आणि आता हा फलक. लोखंडात ओतलेला.

बुधवारी तो रोलंडच्या बायकोकडे गेला. ग्लेनिस मूळची वेल्सची, चर्चमध्ये चार सुरांत गाणाऱ्या घरातली. रोलंडशी तिचं लग्न झालं ते १९७२ साली, बँड मोडून तोवर पाच वर्षं झाली होती. तिने दार उघडलं आणि त्याला नखशिखांत पाहिलं. नेव्हिलने पस्तीस वर्षं गावातल्या गॅसच्या शेगड्या दुरुस्त केल्या होत्या.

“माझा गॅस नीट आहे,” ती म्हणाली. मग बाजूला झाली. “ये. बूट पूस.”

त्याने पत्र टेबलावर ठेवलं. मजकूर आपणच दिलाय, असं ती म्हणाली. पालिकेने विचारलं होतं, तिने लिहून दिला.

“ग्लेनिस, ते गाणं मी गायलंय.”

ती किटली भरत होती. ती भरून झाल्यावर तिने नळ बंद केला.

“माहीत आहे मला.”

नेव्हिल काय काय पाठ करून आला होता. तिला फिल्मचं, हेडफोनवाल्याचं, सगळं सांगायचं होतं. त्यातलं काहीच उपयोगाचं राहिलं नाही. कधीपासून, एवढंच त्याने विचारलं.

“लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून. शेजारी उभा राहून त्याने पहिलं स्तोत्र म्हटलं आणि पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. शेवटी पाद्रीच त्याला म्हणाला, मिस्टर कॅटरॉल, देवाला तुमचे नुसते ओठ दिसले तरी चालतील.” ती हसली नाही. “तो चांगला माणूस होता. सुराशी त्याचा काही संबंध नव्हता.”

मग आवाज म्हणून त्याचं नाव कसं दिलंस, असं नेव्हिलने विचारल्यावर तिने खुर्ची ओढली आणि शांतपणे सांगितलं. शेवटची दोन वर्षं रोलंडला मुलांची नावं आठवत नव्हती. आश्रमातल्या परिचारिकांनी त्याला ती फीत लावून दिली. तो रोज बघायचा, दिवसातून दहादा. हळूहळू त्याची खात्री पटली की हे आपणच गातोय. परिचारिका नव्या माणसाला आणून दाखवायच्या, हे आमचे गायक. रोलंड ताठ बसायचा. जेवायला त्रास द्यायचा नाही त्या दिवशी.

“त्याला काय सांगायला हवं होतं मी? की तू ड्रमवाला आहेस, गप बस?”

“त्याला नाही. पण फलक तो वाचणार नाहीये, ग्लेनिस. लोक वाचणार आहेत.”

“मी वाचणार आहे. आश्रमातल्या त्या पोरी वाचणार आहेत.” तिने कप त्याच्यासमोर सरकवला. “मी जाईपर्यंत थांब. मग वाटेल ते लिही.”

“तू बहात्तरची. मी सत्त्याहत्तरचा. कोण कुणासाठी थांबणार?”

यावर तिने थोडा विचार केला आणि पालिकेला पत्र लिही म्हणाली. पत्र फाइलला लागतं, असं नेव्हिल म्हणाला. त्याला शनिवारीच बोलायचं होतं, सगळ्यांसमोर, त्या गोदामात, जिथे तो खरंच गायला होता. त्याच्याजवळ आयुष्यात दाखवण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती आणि ती दुसऱ्याच्या तोंडात गेली होती. हे त्याने तिला एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. त्याने टोपी उचलली.

“माझ्यासमोर बोललास,” ग्लेनिस म्हणाली, “तर पुन्हा या घरात चहा मिळणार नाही.”

“आजवर कुठे मिळत होता,” नेव्हिल म्हणाला, आणि समोरचा कप न पिता निघाला.

शनिवारी गोदामात शंभरएक माणसं जमली. गालिच्यांच्या गुंडाळ्या भिंतीला सारून मधे खुर्च्या मांडल्या होत्या, त्या न पुरल्यामुळे काही लोक गुंडाळ्यांवरच बसले होते. एका बाजूला पांढरा पडदा लावला होता, फीत दाखवण्यासाठी. दुसऱ्या बाजूला भिंतीवर फलक, त्यावर हिरवं कापड. नगरसेविका ऑर्मरॉडबाई गळ्यात पदाची साखळी घालून सगळ्यांशी हात मिळवत फिरत होत्या. स्टॅन्ली कुणालातरी सांगत होता की इथे, अगदी या खांबापाशी, मी उभा असायचो. ग्लेनिस पहिल्या रांगेत, निळ्या कोटात. तिने नेव्हिलकडे पाहिलं नाही.

नेव्हिलच्या खिशात कागद होता. त्यावर सात ओळी होत्या. तीन रात्री खोडून खोडून उरलेल्या. पहिली ओळ अशी होती, की हा फलक खोटा आहे. शेवटची अशी, की रोलंड कॅटरॉलला हे ठाऊक होतं आणि त्याने मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

ऑर्मरॉडबाईंनी भाषण केलं. ते कापडगिरण्यांपासून सुरू झालं आणि पार्किंगवर संपलं. मग दिवे मालवले आणि फीत लागली.

पडद्यावर रोलंड बावीस वर्षांचा, दाराएवढा उंच. मागे ड्रमवर एक बारकं पोर, चेहऱ्यावर हसू दाबलेलं, काठ्या चमच्यांसारख्या धरलेल्या. आणि गोदामभर नेव्हिलचा आवाज. तो आवाज आता नेव्हिलजवळ नव्हता, सिगारेटने आणि वयाने नेला होता. पण तो कुणाचा आहे हे घशाला कळतं. त्याने कागद खिशातून काढून हातात घेतला.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. इथून पुढची फीत त्याने कधी पाहिली नव्हती. मग गिटारचा तुकडा आला, वीसेक सेकंदांचा, ज्यात गायकाला काम नसतं. कॅमेरा मात्र रोलंडच्या चेहऱ्यावरच राहिला होता. रोलंडने माइकपासून थोडं मागे होऊन थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि त्याचे ओठ हलले. बघणाऱ्याला वाटावं, तो सुराबरोबर गुणगुणतोय. बारा वर्षं जगभरच्या लोकांना तसंच वाटलं होतं.

ते गुणगुणणं नव्हतं. ओठ मोठे, ताणलेले, एकेक शब्द सुटा. चारशे मागांच्या पलीकडच्या माणसाशी बोलतात तसे. नेव्हिल सहा वर्षं त्या शेडमध्ये होता. ते वाचणं पोहण्यासारखं असतं, एकदा आलं की जात नाही. त्याने वाचलं, आणि आपण वाचलं ते खरं का, हे त्याला कळेना.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. ऑर्मरॉडबाईंनी माइक त्याच्या हातात दिला. समोर ग्लेनिस मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती.

“गाणं मी गायलंय,” नेव्हिल म्हणाला.

काही जण हसले. नेव्ह पहिल्यापासून खोडकर, असं स्टॅन्लीने शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या हळू सांगितलं.

“हसा. मला ती फीत परत बघायची आहे. गिटारचा तुकडा फक्त.” मग तो लोकांकडे वळला. “इथे विणकर खात्यात कुणी काम केलंय? मला कार्यालयातले नकोत. शेडमधले हवेत.”

मग तीन हात वर झाले. दोन ब्रेर्ली बहिणींचे, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एडिथ शॉक्रॉसचा. एडिथ एक्क्याण्णव वर्षांची होती आणि शेडने तिचे दोन्ही कान कधीच खाल्ले होते. नेव्हिल तिच्यासमोर जाऊन वाकला आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी तिला म्हणाला की एडिथबाई, त्या पोराकडे बघा आणि काय म्हणतोय ते सगळ्यांना सांगा. मला काय दिसलं ते मी आधी सांगणार नाही. तिने मान हलवली.

फीत परत लागली. वीस सेकंद. एडिथ बसची पाटी वाचावी तसं वाचत गेली, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.

“मी नाही गं आई. नेव्ह गातोय. मी नुसतं तोंड हलवतोय. माझं जेवण झाकून ठेव, उशीर होईल.”

ब्रेर्ली बहिणींनी एकमेकींकडे पाहून होकार दिला. एकीने ‘जेवण झाकून ठेव’ परत म्हणून दाखवलं.

“एल्सीचा पोरगा ना तो,” एडिथ म्हणाली. “एल्सीने दुसऱ्या दिवशी अख्ख्या शेडला सांगितलं होतं. पोराने टीव्हीतून निरोप दिला म्हणून केवढी मिरवत होती. त्यात नवीन काय?”

“एडिथबाई, मग इतकी वर्षं तुम्ही बोलला कशा नाहीत?” ऑर्मरॉडबाईंनी विचारलं. ते ब्रेर्ली बहिणींनी ओठांनी एडिथपर्यंत पोहोचवलं.

“मला कोण विचारतंय?” एडिथ म्हणाली.

मला आधीपासून वाटतच होतं, असं स्टॅन्ली ग्रिमशॉ म्हणाला.

मग काय करायचं ते कुणालाच सुचेना. फलक तर भिंतीवर बसवलेला होता. ऑर्मरॉडबाई साखळी चाचपत ग्लेनिसकडे बघायला लागल्या. ग्लेनिस उभी राहिली, भिंतीपाशी गेली आणि तिने स्वतःच कापड ओढलं. निळ्या लोखंडावर पांढऱ्या अक्षरांत ते खोटं चांगलंच ठसठशीत दिसत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कापड ओढलं की टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून. मजकुराचा विषय समितीपुढे ठेवू, असं ऑर्मरॉडबाईंनी जाहीर केलं, आणि श्री. पिलिंग यांना अजून काही बोलायचं आहे का, असं विचारलं.

नेव्हिलने हातातला कागद पाहिला. सातवी ओळ आता खोटी झाली होती. ती नसेल तर बाकीच्या सहांत दम नव्हता.

“रेकॉर्डवरचे ड्रम रोलंडचे आहेत,” तो म्हणाला. “तेही लिहा.” आणि त्याने माइक परत दिला.

त्याला जे हवं होतं ते त्याला मिळालं होतं. माणसं येऊन हात मिळवत होती. वर्तमानपत्राच्या माणसाने त्याला एडिथच्या खुर्चीशेजारी उभं करून फोटो काढला. कुणीतरी एक कडवं म्हणा म्हणालं, तेव्हा त्याने घसा दाखवला. मग तो कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसला, जिथे हॅमची सँडविचेस आणि मुरवलेला लाल कोबी ठेवला होता, आणि त्याने ताटात दोन सँडविचेस घेतली ती तशीच राहिली.

ग्लेनिस येऊन समोर बसली. तिने कोट काढला नव्हता.

“मला वाचता येत नव्हतं ते,” ती म्हणाली. “दोन वर्षं रोज त्याच्याबरोबर बघत होते. मला वाटायचं, च्युइंगम खातोय.”

नेव्हिलने ताट बाजूला सारलं.

“तो विचारायचा. ड्रमवर तो कोण पोरगा बसलाय म्हणून. काठ्या धरता येत नाहीत मेल्याला, म्हणायचा. गाणं आपलं वाटायला लागलं होतं, पण काठ्या कशा धरायच्या ते विसरला नव्हता. मी सांगायची, तो नेव्ह. मग म्हणायचा, नेव्ह का येत नाही?”

“तू काय सांगायचीस?”

“कामावर गेलाय म्हणून. काही तासांनी परत विचारायचा.”

पलीकडे दोन माणसं पांढरा पडदा सोडवून घडी घालत होती. एका टोकाचा माणूस दुसऱ्याला टोक वर धर म्हणून सांगत होता आणि त्याला ते ऐकू जात नव्हतं.

“मी रागावलो होतो,” नेव्हिल म्हणाला.

“कशावर?”

“त्याने सांगितलं नाही म्हणून.”

“सगळ्या देशासमोर सांगितलं होतं की त्याने,” ग्लेनिस म्हणाली. “तू मागे बसला होतास.”

तिने कोटाचं वरचं बटण लावलं, पर्स उचलली आणि ती बसच्या थांब्याकडे गेली. नेव्हिललाही तीच बस होती. तो पुढच्या बससाठी थांबला.